नवा टायर पुढे की मागे?

श्रोतेहो, गेल्या महिन्यात माझ्या भाचीचा फोन आला. ती साताऱ्याला कॉलेजात शिकते. शाळेच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून तिनं एक जुनी, गिअरची डोंगरी सायकल विकत घेतली आहे. दर रविवारी मैत्रिणींबरोबर ती यवतेश्वरचा घाट चढते आणि येताना डांबरी सडक सोडून मुरमाच्या कच्च्या वाटांनी उतरते. ती म्हणाली, ‘‘मामू, मागचा टायर पार गोटा झालाय. पुढचा अजून बरा आहे. पैसे एकाच टायरचे आहेत. दुकानदार म्हणतो, मागे चांगला जाड टायर टाका. टाकू का? आणि केवढ्या रुंदीचा घेऊ?’’

मी कविता लिहिणारा माणूस. लोक मला वृत्तांविषयी विचारतात, गझलेविषयी विचारतात; टायरविषयी कुणी विचारत नाही. पण भाचीला ठाऊक आहे की माझं बालपण सायकलच्या दुकानात गेलं. मी तिला फोनवर दोन वाक्यांत उत्तर दिलं. त्या दोन वाक्यांच्या मागं माझ्या अब्बांची एक शिकवण आहे आणि माझं स्वतःचं एक मोडलेलं हाड आहे. आज ते जरा सविस्तर सांगतो.

अब्बांचं सायकल दुरुस्तीचं आणि भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. काळ्या, भक्कम, २८ इंची सायकली. तासावर भाडं. या सायकलींचा मागचा टायर नेहमी आधी झिजायचा. कारण उघड आहे. बसणाऱ्याचं बहुतेक वजन मागच्या चाकावर, पेडलचा जोर मागच्या चाकावर, कॅरिअरवरची गोणी आणि बसलेला मित्रही मागच्याच चाकावर. मागचा टायर संपला की अब्बा नवा टायर आणायचे. पण तो मागे कधी बसवायचे नाहीत. पुढचा टायर काढून मागे लावायचे आणि नवा पुढे. दुप्पट काम. मी विचारलं, ‘‘झिजला मागचा, मग नवा पुढे का?’’ ते म्हणाले, ‘‘मागचं चाक चुकलं तर माणूस सावरतो. पुढचं चुकलं तर सावरायला वेळ मिळत नाही.’’

माझं शंकेखोर वय. मी म्हटलं, ‘‘मग ट्रॅक्टरचं मागचं चाक एवढं मोठं का? मोटारसायकलचा मागचा टायर जाड का?’’ हा प्रश्न आजही पुष्कळ जण विचारतात, आणि भाचीच्या दुकानदाराच्या मनातही बहुधा हेच असावं. म्हणून आधी त्याचं उत्तर देतो.

ट्रॅक्टर आणि मोटारसायकल यांना इंजिन असतं. १०० सीसीची साधी मोटारसायकल घेतली तरी ती सात-आठ अश्वशक्तीचा जोर देते. तो सगळा जोर मागच्या टायरनं जमिनीवर उतरवायचा असतो. टायर बारीक असेल तर तो जागच्या जागी फिरेल किंवा लवकर झिजेल. सायकलला इंजिन आपणच. धडधाकट माणूस बराच वेळ टिकवून धरू शकेल असा जोर जेमतेम पाव अश्वशक्ती. एवढ्यासाठी मागे फार जाड टायरची गरज नसते. तेव्हा मोटारसायकलचा नियम सायकलला लावायचा नाही.

आता पुढच्या चाकाचं काम बघू. लहानपणी तुम्ही तळहातावर काठी उभी तोलली असेल. काठी ज्या बाजूला कलते त्या बाजूला आपण हात नेतो. हात तिच्या खाली गेला की ती पुन्हा उभी राहते. सायकल चालवताना आपण नकळत हेच करतो. तोल डावीकडे गेला की हॅंडल किंचित डावीकडे वळतं आणि चाकं आपल्या शरीराच्या खाली येतात. म्हणजे तोल सांभाळणारा तळहात हे पुढचं चाक आहे. मागचं चाक घसरलं तर सायकलचं शेपूट एका बाजूला जातं, पण हॅंडल आपल्या ताब्यात असतं. हॅंडल त्या बाजूला वळवून सावरता येतं, निदान पाय टेकवता येतो. पुढचं चाक घसरलं म्हणजे तळहातच काढून घेतला. काठी पडणारच.

हे सगळं मला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि तरी मी पडलो. पन्नाशीच्या आसपास रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, मी सायकल काढली. डोंगरी सायकल, रुंद टायरची. वर्ष-दीड वर्षानं मागचा टायर झिजला. मी छान रुंद, खोल नक्षीचा नवा टायर आणला आणि मागे बसवला. पुढचा ‘अजून चालतोय’ म्हणून तसाच ठेवला. आळस, दुसरं काही नाही. ऑक्टोबरचे दिवस होते. पावसानं वाहून आलेला बारीक मुरूम घाटाच्या एका वळणावर पसरला होता. मागचं चाक घट्ट धरून होतं, त्यामुळे मला धोका जाणवलाच नाही. मी वेग कमी केला नाही. पुढचं चाक एकदम बाजूला गेलं आणि मी खांद्यावर आपटलो. हासळीचं हाड मोडलं. उजवा हात सहा आठवडे गळ्यात. त्या सहा आठवड्यांत मी एक ओळ लिहू शकलो नाही. अब्बांची आठवण मात्र रोज आली.

या अपघातातून जी गोष्ट कळली ती महत्त्वाची आहे. दोन टायरांपैकी एक आधी घसरणारच असेल, तर तो मागचा असावा. मागचा घसरला की इशारा मिळतो. पुढे कच्चा आणि मागे पक्का टायर असला की इशारा मिळत नाही, थेट निकाल लागतो. पुढे जास्त रुंद, जास्त पकडीचा टायर आणि मागे थोडा अरुंद, हलका चालणारा टायर ही जी डोंगरी सायकलवाल्यांची जुनी रीत आहे, तिचं मूळ इथं आहे.

ही डोंगरी सायकल आली कुठून? १९७०च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीमध्ये, माउंट टॅमलपायस या डोंगराच्या परिसरात काही तरुण जुन्या जड सायकली वर न्यायचे आणि मातीच्या उतारावरून शर्यत लावायचे. या सायकली बहुधा श्विन कंपनीच्या. या कंपनीनं १९३३ मध्ये सव्वादोन इंचांच्या आतबाहेर, नेमकं सांगायचं तर २.१२५ इंच रुंदीचे ‘बलून’ टायर अमेरिकेत रूढ केले होते. जाड टायरमुळेच त्या दगडधोंड्यांत टिकायच्या. तिथल्या एका उताराचं नावच ‘रिपॅक’ पडलं. कारण खाली पोहोचेपर्यंत मागच्या ब्रेकच्या हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. तिथली पहिली शर्यत १९७६ ची. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली, टॉम रिची ही नावं त्या मंडळींतली. पुढं १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या डुरॅंगो इथं जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला.

पुढचा आणि मागचा टायर वेगळा असावा, ही जाणीवही याच काळात बाजारात उतरली. पॅनारेसर या जपानी कंपनीचे ‘डार्ट’ आणि ‘स्मोक’ हे दोन टायर १९९०च्या दशकात जोडीनं वापरले जायचे. डार्ट पुढे. त्याची नक्षी बाणासारखी, वळताना बाजूनं धरणारी. स्मोक मागे. त्याच्या गाठी आडव्या, वल्ह्यासारख्या. पेडल मारताना मातीत रुतून ढकलणाऱ्या. पुढच्या टायरला वळवायचं असतं आणि थांबवायचं असतं, मागच्याला ढकलायचं असतं. कामं वेगळी, म्हणून कपडे वेगळे.

आता थोडं गणित. घाबरू नका, मी बी.ए. आहे, माझ्यापेक्षा अवघड गणित मी सांगणार नाही. समजा, चालवणारा ७० किलोचा आणि सायकल १४ किलोची. एकूण ८४ किलो. सपाट रस्त्यावर बसून चालवताना साधारण चाळीस टक्के भार पुढे आणि साठ टक्के मागे असतो. म्हणजे पुढे ३४ किलो, मागे ५० किलो. आपण हवा पौंडांत मोजतो, म्हणून भारही पौंडांत घेऊ. पुढे ७५ पौंड, मागे ११०. पुढच्या टायरमध्ये दर चौरस इंचाला २५ पौंड हवा असेल, तर ७५ भागिले २५, म्हणजे सुमारे तीन चौरस इंच टायर जमिनीला टेकतो. काडेपेटीएवढी जागा! घाटाच्या वळणावर आपला जीव या काडेपेटीवर असतो. हवा कमी केली तर ही जागा वाढते, पकड वाढते. पण अरुंद टायरमध्ये हवा कमी केली तर दगडावर आपटताना ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते. मग सापाच्या दातांसारखी जोडीनं दोन भोकं पडतात. पंक्चरवाल्याला ती बघताक्षणी कळतात.

इथं रुंदीचा उपयोग होतो. टायरमध्ये मावणारी हवा रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २.१ इंचाच्या जागी २.३५ इंचाचा टायर घातला, तर रुंदी दिसायला पाव इंचच वाढते, पण आतली हवा सुमारे सव्वापट होते. मग दाब कमी ठेवूनही रिम वाचते. टायर खड्यांवरून उसळण्याऐवजी त्यांच्या आकाराप्रमाणे दबतो, जमीन धरून राहतो, हातांना बसणारे धक्केही कमी होतात. आणि उतारावर जोरात ब्रेक दाबला की वरचं चाळीस-साठचं प्रमाण उलटं होतं. पाऊण भारही पुढे येऊ शकतो. त्या क्षणी पुढचा टायर थोराड असलेला बरा.

‘मग दोन्हीकडे थोराडच का नको?’ असं कुणी विचारेल. विचारावंच. मागे थोडा अरुंद टायर ठेवण्याची तीन कारणं आहेत. पहिलं, वजन. रुंद टायर शंभर-दीडशे ग्रॅमनं सहज जड असतो, आणि ते वजन प्रत्येक चढावर फिरवत न्यावं लागतं. दुसरं, बहुतेक भार मागे असल्यामुळे टायर दबण्या-सुटण्यात वाया जाणारी ताकदही मागेच जास्त वाया जाते. म्हणून तिथं उथळ नक्षीचा, हलका चालणारा टायर फायद्याचा. तिसरं कारण सगळ्यांत व्यवहारी. पुढच्या चिमट्यात सहसा जागा जास्त असते. मागे मात्र पेडलजवळच्या दोन नळ्या, चेन आणि गिअर यांच्यामध्ये जागा बेताची. टायर तिथं घासला तर फ्रेम कापली जाते.

एक गैरसमज दूर करतो. रुंद टायर डांबरी रस्त्यावर जड चालतो, हे नेहमी खरं नाही. दाब सारखाच ठेवला तर रुंद टायर कमी दबतो आणि उलट हलका चालतो. जड वाटतो तो त्यातली हवा कमी ठेवल्यामुळे आणि खोल नक्षीमुळे. खडबडीत वाटेवर मात्र कडक टायर प्रत्येक खड्यावर उसळतो आणि त्या उसळण्यात ताकद जाते. तिथं मऊ टायरच पुढे काढतो.

आता आपली जमीन. डांबर आणि सुटा मुरूम अशी मिसळ असेल तर पुढे २.३५ किंवा २.४ आणि मागे २.२ किंवा २.२५ ही जोडी बहुतेकांना मानवते. जांभ्याचा खडबडीत कातळ असेल तर रुंदी आणखी उपयोगी पडते, कारण तो टायरच्या बाजू फाडतो आणि रिमला ठोकतो. (जाता जाता एक विनंती: कासच्या फुलांच्या पठारावर सायकल घालू नका. तिथली मातीची साय बोटभर जाडीची आहे.) किनाऱ्यावरच्या कोरड्या वाळूत दोन्ही टायर जितके रुंद तितके चांगले, अरुंद टायर रुततो. पावसाळ्यातली काळी माती मात्र उलटा न्याय करते. ती टायरला चिकटते, चाकाबरोबर फिरते आणि मागच्या नळ्यांत अडकून चाक बंद पाडते. अशा वेळी मागे अरुंद टायर असला, भोवती मोकळी जागा असली, तर माती निघून जाते. वर पातळ चिखल आणि खाली टणक जमीन असेल तर अरुंद टायर चिखल कापून खालच्या जमिनीला पोहोचतो.

दोन टायरांत फरक किती असावा? दीड-दोन दशांश इंच पुष्कळ. पाव इंचापेक्षा जास्त सहसा नको. पुढचा टायर रुंद केला की सायकलचं तोंड थोडं उचललं जातं. २.१ वरून २.४ वर गेलात तर सात-आठ मिलिमीटर. हॅंडलचा कोन जेमतेम अर्ध्या अंशाच्या आसपास बदलतो. त्याची चिंता नको.

दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली, जुन्या टायरच्या बाजूवर छापलेले आकडे. तिथं ५७-५८४ असं काही लिहिलेलं असतं. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५७ म्हणजे सव्वादोन इंच. दुसरा आकडा टायर रिमवर जिथं बसतो तिथला व्यास. हा दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. डोंगरी सायकलीत ५५९ म्हणजे २६ इंची, ५८४ म्हणजे साडेसत्तावीस इंची आणि ६२२ म्हणजे २९ इंची. इंचांच्या नावांवर जाऊ नका. साध्या सायकलचा २६ × १ ३/८ हा टायर ५९० चा असतो. तो डोंगरी २६ इंची रिमवर बसत नाही. आणि अब्बांच्या दुकानातल्या २८ × १ १/२ टायरचा व्यास ६३५, म्हणजे आजच्या २९ इंचीपेक्षाही मोठा! नावात काय आहे, ते इथं कळतं.

दुसरी गोष्ट, रिमची आतली रुंदी. जुन्या सायकलींची ती १८-१९ मिलिमीटर असते. तिच्यावर २.१ ते २.२५ इंचाचा टायर ठीक. अरुंद रिमवर फार रुंद टायर चढवला की वळणावर तो बाजूला लोळतो आणि घेतलेल्या रुंदीचा फायदा जातो. रिम आतून २५ मिलिमीटरची असेल तर २.४ पर्यंत जायला हरकत नाही, ३० ची असेल तर त्याहूनही पुढे. तिसरी गोष्ट, मोकळी जागा. टायर आणि नळी यांच्यात दोन्ही बाजूंना निदान सहा मिलिमीटर जागा हवी. शाळेतली पेन्सिल सहज जाते का ते बघा. पेन्सिल अडकली तर टायर रुंद झाला.

हवेचंही सांगतो, कारण चुकीच्या हवेनं चांगला टायर वाया जातो. ट्यूब असलेल्या सव्वादोन इंची टायरला ७० किलोच्या माणसानं पुढे २५ आणि मागे २८ पौंडांपासून सुरुवात करावी आणि वाटेप्रमाणे एकेक पौंड कमीजास्त करून बघावं. टायरवर छापलेली मर्यादा मोडू नये. मागे भार जास्त, म्हणून मागे दोन-तीन पौंड अधिक. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब चिमटण्याची भीती नसते, म्हणून चार-पाच पौंड कमी चालतात. अंगठ्यानं दाबून अंदाज घेण्याची आपली सवय सोडून द्या. काट्याचा पंप घ्या.

या रीतीला अपवाद आहेत. मागे सामान बांधून लांबच्या प्रवासाला जाणाऱ्यानं, वजनदार माणसानं किंवा सुट्या दगडांचे उभे चढ रोज चढणाऱ्यानं मागेही पुढच्याएवढाच रुंद टायर घालावा. फक्त पुढे शॉकअप असलेल्या सायकलीत पाठीला धक्के बसतात, म्हणूनही काही जण मागे रुंद टायर घेतात. दोन्हीकडे सारखी रुंदी ठेवून फक्त नक्षी वेगळी ठेवणारेही पुष्कळ आहेत. त्यात गैर काही नाही. गैर एकच: पुढचा टायर मागच्यापेक्षा कमजोर असणं.

भाचीच्या सायकलवर साडेसत्तावीस इंची चाकं आहेत, दोन्ही टायर २.१ चे. तिनं रिम मोजली, आतून १९ मिलिमीटर भरली. म्हणून २.३५ चा मोह सोडला. मी सांगितलं ते असं: ‘‘सव्वादोनचा, बाजूला चांगल्या गाठी असलेला टायर घे आणि पुढे बसव. पुढचा काढून मागे लाव, मागचा भंगारात दे.’’ तिचं वजन ५५ किलो, म्हणून हवा पुढे २२ आणि मागे २५ पौंड. दुकानदाराला हे पटलं नाही. दोन टायर काढायचे म्हणून मजुरीही दुप्पट मागितली. तेव्हा तिनं चमचे आणि पंप घेऊन अंगणात स्वतःच काम केलं. अब्बा असते तर शेजारी बसून पाहत राहिले असते.

पुढच्या रविवारी संध्याकाळी पुन्हा फोन आला. ‘‘मामू, उतारावर एका वळणावर मागचं चाक सरकलं.’’ माझ्या पोटात गोळा आला. ‘‘मग?’’ मी विचारलं. ‘‘मग काही नाही. सावरलं. पुढचं हललं नाही. त्यानंतर हळू आले.’’

श्रोतेहो, त्या इशाऱ्यासाठीच एवढा खटाटोप.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)